ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारीचें तांबडें तेल



आपल्या वार्षिकाच्या मराठी विभागांत कविता, प्रवासवर्णनें आणि थोर पुरुषांचीं चरित्रें बहुधा येतात. त्यांच्या पंक्तीला मोटारीच्या तेलावरील लेख बसलेला पाहून तुम्हांस नवल वाटेल. परंतु ज्या तेलाविषयीं मी आज लिहिणार आहें, त्याच्या अज्ञानामुळें एका रात्रीं माझ्या हातून फार मोठा अनर्थ व्हावयाचा टळला. म्हणून तो प्रसंग प्रथम सांगतों, आणि मग त्या तेलाचें काम काय, त्याची परीक्षा कशी करावी व निगा कशी राखावी, हें क्रमानें सांगतों.

आपल्या वसतिगृहाची जुनी करड्या रंगाची मोटार तुम्हां सर्वांच्या ओळखीची आहे. एका हितचिंतकानें ती आपणांस वापरलेली अशीच दिली. तिला डाव्या पायाखालीं क्लच नाहीं. वेग जसजसा वाढेल तसतसे गिअर तिचे तीच बदलते. तिची देखरेख माझ्याकडे होती. दर शनिवारीं मी बॉनेट उघडून एंजिनाचें तेल पाहत असें, रेडिएटरचें पाणी पाहत असें, टायरांत हवा भरून आणीत असें, आणि आपलें कर्तव्य पुरें झालें असें समजत असें. एका शनिवारीं सातवींतला एक मुलगा जवळ येऊन म्हणाला, "सर, मोटारीखालीं तांबडे ठिपके पडले आहेत." मीं वाकून न पाहतांच उत्तर दिलें, "अरे, कोणीतरी पान खाऊन थुंकलें असेल. जा, पाणी टाक त्यावर." त्यानें निमूटपणें पाणी टाकलें. पुढें तो त्याविषयीं कांहीं बोलला नाहीं, आणि मींही पुन्हां विचारलें नाहीं.

त्यानंतर दोनअडीच महिन्यांनीं, भर पावसाळ्यांत, रात्रीं अकराच्या सुमारास वसतिगृहांतील एका लहान मुलाच्या पोटांत असह्य कळा येऊं लागल्या. गांवच्या डॉक्टरांनीं आंत्रपुच्छाला सूज आली असावी असें सांगून त्याला जिल्ह्याच्या गांवीं ताबडतोब नेण्यास सांगितलें. रुग्णवाहिका दुसऱ्या रोग्याला घेऊन गेलेली, म्हणून आम्ही आपलीच मोटार काढली. घाटाच्या दुसऱ्या वळणावर एंजिनाचा आवाज एकाएकीं वाढला. पण मोटार पुढें सरेना. मी ॲक्सिलरेटर दाबावा, तों एंजिन अधिकच गर्जे, आणि चाकें मात्र जणूं त्याचें ऐकतच नव्हतीं. थोड्या वेळानें जळक्याचा वास सुटला. अर्धा-पाऊण तास आम्ही त्या पावसांत उभे होतों. मुलगा मागच्या बांकावर गुडघे पोटाशीं घेऊन पडला होता. अखेर दुधाचा एक टेंपो आला, आणि त्याच्या चालकानें मुलाला आपल्या शेजारीं निजवून पुढें नेलें. पहाटें शस्त्रक्रिया झाली. मुलगा बरा झाला व आज तो आपल्या हॉकीच्या संघांत खेळतो. परंतु शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मला म्हणाले होते, "आणखी थोडा वेळ गेला असता तर सांगतां आलें नसतें." तें वाक्य मी विसरूं शकलों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मोटार ओढून आणविली. मिस्त्रींनीं बॉनेट उघडलें, नळ्यांच्या आड अगदीं मागें हात घातला, आणि एक लांब पट्टी बाहेर काढली. ती मीं कधींच पाहिली नव्हती. ते म्हणाले, "मास्तर, हिला गेज दोन आहेत. तुम्ही आजवर एकच बघत आलांत." त्या पट्टीच्या टोकाला तेलाचा थेंब नव्हता. रेडिएटरकडे जाणाऱ्या एका नळीचा सांधा झिजून तेथून तांबडें तेल थेंबथेंब गळत गेलें होतें. सातवींतल्या मुलानें पाहिलेलें जें होतें, तें हेंच.

आतां हें तेल करतें काय, तें पाहूं.

साध्या मोटारींत एंजिन आणि गिअरची पेटी यांच्यामध्यें क्लच असतो. चालक पायानें तो दाबतो, हातानें गिअर बदलतो, आणि पाय उचलतो. ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारींत हीं सर्व कामें तेलाकडे सोंपविलेलीं असतात. घरीं एक प्रयोग करून पाहा. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवा आणि त्यांपैकीं एकच चालू करा. त्याच्या वाऱ्यानें दुसरा, बंद असलेला पंखाही हळूहळू फिरूं लागेल. दोहोंचा एकमेकांस स्पर्श नसतांही शक्ति एकाकडून दुसऱ्याकडे जाते. मोटारींत याच युक्तीसाठीं मेदुवड्याच्या आकाराचें एक बंद पोलादी भांडें असतें. त्यांत वाऱ्याच्या जागीं तेल असतें, आणि पंख्यांच्या जागीं पात्यांचीं दोन चाकें असतात. एंजिनानें फिरणारें पहिलें चाक तेल जोरानें फेंकतें, व त्या तेलाच्या माऱ्यानें दुसरें चाक फिरूं लागतें. या दोहोंच्या मध्यें तिसरें एक लहान चाक असतें. परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवून तें त्या तेलाला पहिल्या चाकाच्या आड येऊं देत नाहीं, उलट त्याच्या साह्याला लावतें. त्यामुळें मोटार जागची हालतांना एंजिनाचा पीळ साधारण दुप्पट होऊन पुढें जातो. या भांड्यास टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

त्याच्या पुढें गिअरची पेटी. तींत मध्यें एक दांतेरी चाक, त्याच्याभोंवतीं फिरणारीं लहान चाकें, आणि सर्वांस वेढणारें दांतेरी कडें, अशी रचना असते. मधल्या चाकाला सूर्य आणि भोंवतालच्यांना ग्रह म्हणण्याची रीति आहे. त्यांपैकीं कोणतें चाक धरून ठेवावें आणि कोणतें मोकळें सोडावें, यावर गिअर ठरतो. धरण्यासोडण्याचें हें काम पातळ चकत्यांचे क्लच करतात. पोलादी चकत्यांच्या मधून कागदासारख्या अस्तराच्या चकत्या बसविलेल्या असतात. तेलाच्या दाबानें त्या एकमेकींवर घट्ट आवळल्या जातात आणि दाब गेला कीं सुटतात. हा दाब एक पंप उत्पन्न करतो, आणि तो टायरांतील हवेच्या दाबाहून कित्येक पट असतो.

द्रव पदार्थ दाबल्यानें आकुंचन पावत नाहीं, आणि त्यावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखा पोहोंचतो, हा पास्कलचा नियम तुम्हीं पदार्थविज्ञानांत वाचला आहे. सुई काढलेली इंजेक्शनची एक पिचकारी घ्या. तींत पाणी भरून टोंक बोटानें बंद करा व दट्ट्या दाबा. दट्ट्या जागचा हलणार नाहीं. आतां पाण्याऐवजीं हवा भरा. दट्ट्या सहज आंत जाईल. तेलाऐवजीं तेलाचा फेंस झाला, तर गिअरच्या पेटींत नेमकें हेंच घडतें. दाब पडत नाहीं, चकत्या आवळल्या जात नाहींत, त्या एकमेकींवर घसरत राहतात, घर्षणानें तापतात, आणि जळतात. घाटांत आलेला जळका वास त्या चकत्यांचाच होता.

येणेंप्रमाणें हें एकच तेल अनेक सेवा करतें. तें शक्ति वाहून नेतें, दाब पोहोंचवितें, दांत्यांना वंगण देतें, आंतली उष्णता रेडिएटरकडे नेऊन टाकतें, आणि झिजेचा बारीक चुरा चाळणीपर्यंत आणून सोडतें. शिवाय त्याच्याकडे एक परस्परविरुद्ध काम आहे. दांत्यांमध्यें तें निसरडें असलें पाहिजे, आणि क्लचच्या चकत्यांमध्यें मात्र त्यानें पकड येऊं दिली पाहिजे. तीही अशी, कीं हिसका बसूं नये आणि घसरणही होऊं नये. म्हणून त्यांत निरनिराळीं रसायनें अगदीं मोजून घातलेलीं असतात. एके काळीं अमेरिकेंत या कामासाठीं स्पर्म व्हेल नांवाच्या प्रचंड देवमाशाचें तेल मिसळीत असत. १९७० च्या सुमारास त्या जातीला तेथील कायद्यानें संरक्षण मिळालें, व रसायनशास्त्रज्ञांना त्याच्या जागीं दुसरे पदार्थ शोधावे लागले. मोटारीच्या गिअरचा आणि महासागरांतील प्राण्याचा असा संबंध असेल, हें कोणाच्या स्वप्नांत तरी आलें असतें काय?

या यंत्राचा इतिहासही थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. तेलाच्या द्वारें शक्ति नेण्याची कल्पना मोटारींसाठीं निघालीच नव्हती. ती जहाजांसाठीं निघाली. वाफेचें टर्बाइन फार वेगानें फिरतें आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरावा लागतो. त्यांचा मेळ घालण्यासाठीं हर्मान फ्यॉटिंगर या जर्मन एंजिनियरानें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. पुढें जनरल मोटर्सनें हायड्रामॅटिक नांवाची पूर्णपणें स्वयंचलित गिअरची पेटी तयार केली. ती १९३९ च्या अखेरीस, १९४० च्या नमुन्याच्या ओल्ड्समोबिल मोटारींत विक्रीस आली. दुसऱ्या महायुद्धांत हीच पेटी अमेरिकेच्या कांहीं हलक्या रणगाड्यांतही बसविली होती. टॉर्क कन्व्हर्टर घातलेली ब्यूइक मोटार १९४८ सालीं निघाली. १९४९ सालीं जनरल मोटर्सनें अशा पेट्यांच्या तेलाचें 'टाइप ए' हें प्रमाण ठरविलें. १९६७ सालीं डेक्स्रॉन हें नांव आलें, आणि त्या मालिकेंतील सहावें प्रमाण २००५ सालचें आहे. एंजिनाच्या तेलाहून हें तेल निराळें आहे, हें ओळखतां यावें व गळती झाल्यास कळावें, म्हणून त्यांत तांबडा रंग घालण्याची वहिवाट पडली. रंगाचा तेलाच्या गुणाशीं संबंध नाहीं. आज कांहीं तेलें पिवळीं, हिरवीं किंवा निळीं असतात. म्हणून केवळ रंगावरून जात ओळखूं नये.

आतां परीक्षेची रीत. आरंभींच एक सूचना देतों. प्रत्येक मोटारीची रीत थोडी निराळी असते, आणि मोटारीबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तिकेचा शब्द येथें शेवटचा समजावा. मी सांगतों ती रीत मापपट्टी, म्हणजे डिपस्टिक, असलेल्या बहुतेक मोटारींना लागू पडते.

प्रथम मोटार दहापंधरा मिनिटें रस्त्यावर चालवून आणावी. जागेवर एंजिन सुरू ठेवणें पुरेसें नाहीं. मग ती सपाट जमिनीवर उभी करावी, हातब्रेक ओढावा, आणि एंजिन चालूच ठेवावें. पायानें ब्रेक घट्ट दाबून धरून गिअरचा दांडा प्रत्येक स्थानावरून, प्रत्येक ठिकाणीं दोनतीन सेकंद थांबवून, फिरवावा व परत 'पी'वर आणावा. यामुळें आंतील सर्व वाटांत तेल भरतें. नंतर बॉनेट उघडून पट्टी काढावी, सुती व तंतू न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्यानें पुसावी, पुन्हां शेवटपर्यंत आंत घालावी, आणि काढून दोन्ही बाजूंनीं पाहावी. दोन बाजूंना तेल कमीअधिक दिसल्यास खालची रेघ खरी मानावी, कारण नळींत लागलेलें तेल एका बाजूस पुसलें जातें. पट्टीवर 'हॉट' अशीं अक्षरें असलेल्या दोन खुणांच्या मध्यें तेल असावें.

पहिल्याच पायरीला तेल तापविण्याचा एवढा आग्रह कां, असें कोणी विचारील. तेल तापलें कीं फुगतें. दर अंशाला तें मूळच्या सुमारें दहा हजारांत आठ भागांनीं वाढतें. पेटींत आठ लिटर तेल असेल आणि तें ३० अंशांवरून ९० अंशांवर गेलें, तर गणित करून पाहा. वाढ जवळजवळ ३८० घनसेंटिमीटर येते. म्हणजे थंड तेल बरोबर भरलेलें दिसलें, तर तापल्यावर तें जास्त होईल. पट्टीवर 'कोल्ड'च्या खुणा असतात, पण त्या अंदाजापुरत्या मानाव्या. आणखी एक प्रश्न एंजिन चालू ठेवण्याचा. तें बंद केलें कीं पंप थांबतो, वरचें पुष्कळ तेल खालच्या ताटलींत उतरतें, आणि पट्टी खोटी साक्ष देते. होंडाच्या पुष्कळ मोटारींत मात्र याच्या उलट, एंजिन बंद करून मिनिटदीडमिनिटाच्या आंत पाहावयाचें असतें. कांहीं मोटारींत दांडा 'एन'वर ठेवावयाचा असतो. म्हणूनच मीं माहितीपुस्तिकेचा उल्लेख आधीं केला.

हें करतांना सदऱ्याच्या बाह्या वर सारून घ्याव्या, गळ्यांत टाय किंवा रुमाल लोंबत ठेवूं नये, आणि फिरत्या पंख्याजवळ हात नेऊं नये. तेल व एंजिनाच्या नळ्या पोळण्याइतक्या गरम असतात. लहान मुलांनीं हें काम वडील माणसांच्या समक्षच करावें.

तेल कमी निघालें, तर ज्या नळींतून पट्टी काढली, तींतूनच लांब नळीच्या स्वच्छ नरसाळ्यानें भरावें. एका वेळीं पाव लिटरहून अधिक घालूं नये. घातल्यावर पुन्हां दांडा फिरवून पाहावें. पुष्कळ मोटारींत पट्टीवरच्या दोन खुणांमधील अंतर सुमारें अर्ध्या लिटराचें असतें. थोडें अधिक घातल्यानें काय बिघडणार, असा विचार मनांत येतो, आणि तेथेंच चूक होते. तेल कमी असलें तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो व फेंस होतो. तेल जास्त असलें तर फिरतीं चाकें त्यांत बुडून तें रवीसारखें घुसळतात, आणि तेव्हांही फेंसच होतो. कारणें विरुद्ध, रोग एकच. अधिक झालेलें तेल काढूनच टाकलें पाहिजे.

हें तेल एंजिनाच्या तेलाप्रमाणें जळून कमी होत नाहीं. एंजिनांत थोडेंबहुत तेल जळणें स्वाभाविक आहे; गिअरच्या पेटींत तें बंदिस्त असतें. तें कमी झालें, तर गळतच असलें पाहिजे. म्हणून नुसतें भरून समाधान मानूं नये. गळती कोठें आहे तें शोधावें.

तेल किती आहे याबरोबरच तें कसें आहे, हेंही पाहावें. पांढऱ्या कागदावर एक थेंब सोडा व थोडा वेळ थांबा. थेंब तांबडा, स्वच्छ व पसरट झाला, तर तेल चांगलें आहे. गडद विटकरी किंवा तपकिरी झाला, तर तें जुनें झालें आहे. काळसर असून मध्येंच गाळाचा ठिपका राहिला व जळका वास आला, तर चकत्या जळत आहेत. गुलाबी दुधासारखा, स्ट्रॉबेरीच्या मिल्कशेकसारखा दिसला, तर तेलांत पाणी शिरलें आहे, आणि हें सर्वांत वाईट लक्षण होय. पुष्कळ मोटारींत हें तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटांतच असते. ती आंतून फुटली कीं पाणी व तेल एकत्र होतात. पाण्यानें चकत्यांचें कागदी अस्तर सुटतें. असें तेल दिसल्यास मोटार एक पाऊलही न चालवितां मिस्त्रींस बोलवावें. बोटाला धातूची चमकदार कणी लागली, तरीही त्यांना दाखवावें.

मोटार स्वतःही इशारे देते. दांडा 'डी'वर टाकल्यानंतर एकदोन सेकंद कांहींच न होणें, गिअर बदलतांना हिसका बसणें, एंजिनाचा आवाज चढूनही वेग न वाढणें, हीं त्यांतलीं मुख्य चिन्हें. आपल्या मोटारीनेंही त्या रात्रीच्या आधीं पंधरा दिवस पहिलें चिन्ह दाखविलें होतें. मला वाटलें, जुनी झाली आहे, चालावयाचेंच.

तेल बदलावें केव्हां? या तेलाचा मुख्य शत्रु उष्णता. नेहमींच्या चालींत तें सुमारें ८० ते ९५ अंश तापतें. रसायनशास्त्रांतील ढोबळ नियम असा, कीं दर १० अंशांस प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे तेल २० अंश अधिक तापलें, तर तें अदमासें चौपट लवकर खराब होतें. घाट चढणें, गर्दींत थांबत थांबत चालणें, जड ओझें वाहणें, यांनीं तें तापतें. मुंबईपुण्याच्या वाहतुकींत रोज सांपडणारी किंवा सह्याद्रीचे घाट वारंवार चढणारी मोटार म्हणूनच 'कठीण वापर' या सदरांत मोडते. सामान्य वापरांत पुष्कळ कारखाने साठ हजारांपासून एक लाख किलोमीटरांपर्यंतची मुदत देतात. कठीण वापरांत ती बरीच कमी धरावी. कांहीं पुस्तिकांत 'तेल जन्मभर पुरेल' असें लिहिलेलें असतें. जन्म कोणाचा, हें मात्र तेथें लिहिलेलें नसतें! अशा पेट्या बनविणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांनीं, किंवा फार तर आठ वर्षांनीं तेल बदलण्याची शिफारस करते.

बदलतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. खालची ताटली काढल्यानें सर्व तेल निघत नाहीं. पुष्कळसें टॉर्क कन्व्हर्टरमध्यें राहतें. समजा, एकंदर तेल ९ लिटर आहे आणि एका वेळीं ४ लिटर निघतें. पहिल्या खेपेस जुनें तेल ९ पैकीं ५ भाग राहिलें. पुन्हां ४ लिटर काढून नवें घातलें, तर जुनें तेल ८१ पैकीं २५ भाग, म्हणजे सुमारें ३१ टक्के उरलें. तिसऱ्या खेपेस सुमारें १७ टक्के. म्हणून मधल्या काळांत थोडें चालवून दोनतीन वेळां तेल बदलण्याची रीत आहे. निघालेलें तेल मापून घ्यावें व तेवढेंच नवें घालावें. चाळणी, ताटलींतील लोहचुंबक आणि ताटलीचें गॅस्केट यांचीही त्याच वेळीं व्यवस्था पाहावी. काढलेलें तेल गटारांत, शेतांत किंवा ओढ्यांत कदापि टाकूं नये. डब्यांत भरून गॅरेजांत द्यावें, म्हणजे तें शुद्धीकरणासाठीं जाऊं शकतें.

तेलाची जात पुस्तिकेंत लिहिलेली असेल तीच घ्यावी. दिसण्यांत सारखीं असलेलीं दोन तेलें गुणांनीं अगदीं भिन्न असूं शकतात. शिवाय आज 'ऑटोमॅटिक' या एका नांवाखालीं निरनिराळीं यंत्रें येतात. सीव्हीटी प्रकारांत दांतेरी चाकांऐवजीं दोन कप्प्या व त्यांवर पोलादी पट्टा असतो. तेथें पोलादानें पोलादाला धरावयाचें असतें, म्हणून त्याचें तेल स्वतंत्र असतें. दुसरें घातल्यास पेटी नासते. दोन क्लचांच्या पेटीचें तेलही निराळें. एएमटी प्रकार भारतांत २०१४ सालीं सेलेरिओ मोटारीबरोबर आला. त्यांत पेटी साध्या गिअरचीच असते व क्लचही साधाच. फक्त चालकाच्या हातापायांचें काम यंत्र करतें. त्या पेटींत आज आपण वर्णिलेलें तांबडें तेल घालावयाचें नसतें. तेव्हां आपली मोटार कोणत्या जातीची, हा प्रश्न तेलाचा डबा विकत घेण्यापूर्वीं विचारावा.

आजच्या पुष्कळ मोटारींना या तेलाची मापपट्टीच नसते. तेथें मोटार सपाट उचलून, यंत्रानें तेलाचें उष्णतामान पाहून, तें ठराविक अंशांवर आलें असतां बाजूची बोल्ट काढतात. तेल बारीक धारेनें येऊन थेंबांवर आलें म्हणजे तें बरोबर आहे असें समजतात. हें काम घरीं करण्याचें नव्हे. परंतु अशा मोटारीचाही मालक जमिनीवरील डाग पाहूं शकतो आणि मुदत लिहून ठेवूं शकतो.

शेवटीं कांहीं निषेध. मोटार पूर्ण थांबल्याशिवाय 'आर' व 'डी' यांची अदलाबदल करूं नये. चढावर मोटार ॲक्सिलरेटरनें तोलून धरूं नये, ब्रेक लावावा. त्या अवस्थेंत एंजिनाची सर्व शक्ति तेल तापविण्यांतच जाते. बंद पडलेली मोटार चालणारीं चाकें जमिनीवर ठेवून दूरवर ओढूं नये. एंजिन बंद असतां पंप चालत नाहीं आणि पेटीला वंगण मिळत नाहीं.

आपल्या मोटारीच्या चकत्या नव्या घालाव्या लागल्या. त्यासाठीं वसतिगृहाच्या निधींतून जी रक्कम गेली, तींत पुष्कळ मुलांचीं वह्यापुस्तकें आलीं असतीं. त्या नळीचा सांधा वेळींच बदलला असता, तर त्या रकमेचा अगदीं लहान अंश पुरला असता.

तेव्हांपासून मोटारखान्यांत एक नियम आहे. दर शुक्रवारीं रात्रीं मोटारीखालीं पांढऱ्या पुठ्ठ्याचा मोठा तुकडा ठेवतात, आणि शनिवारीं सकाळीं दोन मुलें तो पाहून वहींत लिहितात: ठिपके किती, कोणत्या रंगाचे, मोटारीच्या कोणत्या भागाखालीं. तांबडा अथवा तपकिरी ठिपका गिअरच्या तेलाचा, काळा एंजिनाच्या तेलाचा, हिरवट किंवा गुलाबी पाणचट ठिपका रेडिएटरचा, आणि स्वच्छ पाणी वातानुकूलनाचें, हें त्यांना आतां पाठ आहे. महिन्यांतून एकदां मी त्यांच्यासमक्ष दुसरी पट्टी काढतों.

त्या वहीच्या पहिल्या पानावर मीं मुद्दाम एक जुनी तारीख घालून नोंद केली आहे: "तांबडे ठिपके दिसले. मुलानें सांगितलें. सरांनीं पाहिलें नाहीं." ज्यानें तें सांगितलें होतें, तो आतां दहावींत आहे, आणि ती वही त्याच्याच ताब्यांत असते.